२३० धरायचे, २०९ की २०१?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहात. प्रॅक्टिकलमध्ये १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला २३० व्होल्ट दिले, ०.४३ अँपिअर आले. भागाकार केला, ५३५ ओहम. गुणाकार केला, ९९ वॉट. झकास. मग तोच बल्ब काढून मल्टिमीटर लावला तर ३८ ओहम, म्हणजे ६ अँपिअर, म्हणून घाबरलात. घरी येऊन २००० वॉटच्या गिझरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा लावून करंट मोजायचा मीटर) लावला, तर ७.६ अँपिअर. २३० ने गुणल्यावर १७४८ वॉट झाले, म्हणून कंपनीने फसवलं असं वाटलं. सॉकेटवर व्होल्टेज बघितलं तर गिझर बंद असताना २०९ आणि चालू केल्यावर २०१. एलिमेंट मल्टिमीटरवर २६ ओहम. आणि वडिलांच्या विहिरीवरच्या एक एचपी सिंगल फेज मोटारीची रनिंग कॉइल ३.२ ओहम दाखवते, म्हणजे ७२ अँपिअर ओढायला हवेत, पण ओढते साडेसहा. शेवटी विचारलंत: सूत्र चुकतंय की मीटर? आणि जाता जाता एक ओळ टाकलीत, की गिझरचा पिन टॉप (सॉकेटमध्ये घालायचा प्लग) हाताला गरम लागतो.

त्या शेवटच्या ओळीमुळेच एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. तिच्याकडे येतोच.

सूत्रही चुकलेलं नाही आणि मीटरही. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, एवढं सातवी-आठवीच्या पोरालाही येतं. आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या (जळालेली कॉइल पुन्हा भरायच्या) धंद्यात खरा प्रश्न असतो तो कुठले व्होल्ट आणि कधीचे अँपिअर हा. दोन्ही आकडे एकाच वेळचे, चालू स्थितीतले आणि त्याच वस्तूच्या दोन टोकांवरचे पाहिजेत. यातला एक जरी आकडा मनाने घातला, तरी कॅल्क्युलेटर उत्तर देतोच, फक्त ते कशाचंच नसतं.

गिझरपासून सुरू करू, कारण तो सरळ मनाचा आहे. अँपिअर तुम्ही खरे मोजले, ७.६. व्होल्ट मात्र पुस्तकातले घातलेत, २३०. त्या घटकेला सॉकेटवर २०१ होते. आता करा: २०१ ÷ ७.६ = २६.४ ओहम. तुमचा मल्टिमीटर काय म्हणाला? २६. जमलं की नाही? २०९ घातले असते तर २७.५ आले असते आणि २३० घातले तर ३०.३. तिन्हींतला एकच आकडा एलिमेंटशी जुळतो, तो म्हणजे गिझर चालू असतानाचा.

पॉवर मग २०१ × ७.६ = १५२८ वॉट. म्हणजे तुम्हाला वाटलं त्याहूनही कमी! पण यात कंपनीचा दोष नाही. प्लेटवर २००० वॉट लिहिलंय त्याच्या शेजारी बारीक अक्षरात २३० व्होल्टही लिहिलेलं असतं. २३० चा वर्ग भागिले २००० केलं की २६.४५ ओहम. एलिमेंट बरोबर तेवढ्याचंच दिलंय. व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी पडलं आणि पॉवर जवळजवळ चोवीस टक्क्यांनी, कारण व्होल्टेज पडलं की करंटही पडतो आणि गुणाकारात दोघांचा मार बसतो. बायका म्हणतात ना, "हल्ली गिझर लवकर तापत नाही," ते हे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० ला न्यायला साधारण ०.६१ युनिट लागतं. पूर्ण २००० वॉटला १८ मिनिटं, तुमच्याकडे २४. टाकीतून झिरपणारी उष्णता सोडली तर बिलात फारसा फरक नाही, आंघोळीला उशीर तेवढा.

क्लॅम्प मीटरबद्दल एक सांगून ठेवतो. जबड्यात फेजची एकटी वायर घ्यायची. अख्खी तीन कोअरची केबल धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात हमखास "शेठ, मोटार करंटच घेत नाही" म्हणून येतो. आणि बल्बासारखा लहान करंट असेल तर वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. ०.४३ पेक्षा ४.३ वाचणं त्या मीटरला सोपं जातं.

आता बल्ब. तिथे दोन्ही आकडे खरे आहेत, ३८ पण आणि ५३५ पण. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि तापेल तसा तिचा रोध वाढतो. थंड ते गरम जवळजवळ चौदा पट. मल्टिमीटर आतल्या बॅटरीवर इवलासा करंट सोडून मोजतो, त्याने तार कोमटही होत नाही, म्हणून ३८. तुम्ही घाबरून ३८ वरून ६ अँपिअर काढलेत ना, तेसुद्धा खोटे नाहीत. बटण दाबल्या क्षणी बल्ब खरोखर तेवढा करंट ओढतो, पण डोळ्याची पापणी लवायच्या आत तार तापते आणि करंट ०.४३ वर येऊन बसतो. जुने बल्ब बहुतेक वेळा जळताना न जाता बटण दाबताना "टप्प" करून का जायचे, ते यावरून कळेल. झिजून एका जागी बारीक झालेली तार त्या पहिल्या झटक्यात तुटते.

प्रॅक्टिकलला सरांना विचारून हे करून बघा: असे दोन १०० वॉटचे बल्ब सिरीजमध्ये लावा. वहीतलं गणित सांगेल की प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज, म्हणजे पाव पॉवर, २५ वॉट. मोजाल तर ३३ च्या आसपास येतील. तार कमी तापली, रोध कमी राहिला, करंट अपेक्षेपेक्षा जास्त गेला. गिझरच्या एलिमेंटमध्ये निक्रोम नावाचा मिश्रधातू असतो. त्याचा रोध तापल्याने फार हलत नाही, म्हणून तिथे थंड मोजा की गरम, आकडा जवळपास तोच. मल्टिमीटरवर रोध मोजून वॉट काढायची सवय हिटर, इस्त्री, गिझर, शेगडी एवढ्यांपुरतीच ठेवा.

जॉर्ज ओहम हा जर्मन शिक्षकही याच घोळात अडकला होता, हे फार कमी ठिकाणी शिकवतात. त्याने आधी साध्या रासायनिक बॅटऱ्या वापरल्या. त्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच ढळायचा, आकडे काही केल्या जुळेनात. मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाच्या सल्ल्याने त्याने तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. आता जोर स्थिर झाला, कारण पाणी उकळतं तिथेच उकळणार आणि बर्फ वितळतो तिथेच वितळणार. मग नियम आपोआप दिसला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिलं. आपण त्याचं सूत्र घेतो आणि त्याचं ते उकळतं पाणी विसरतो.

मोटारीकडे या. इथे व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर २३० ÷ ६.५ = ३५, आणि मल्टिमीटर म्हणतो ३.२. ही तफावत तापण्याची नव्हे. तांबं एवढं बदलत नाही. मोटार फिरायला लागली की तिच्या कॉइलमध्ये लाईनच्या विरुद्ध व्होल्टेज तयार होतं आणि तेच करंटला अडवून धरतं. रोध बिचारा अडवण्याचं काम थोडंच करतो. म्हणून ते ३५ म्हणजे कॉइलचा रोध नव्हे, सगळ्या अडथळ्यांची बेरीज, पुस्तकात तिला इंपीडन्स म्हणतात. फिरायच्या आधी, स्टार्टिंगला, हा विरोध पुरता उभा राहिलेला नसतो, म्हणून मोटार सुरुवातीला पाच-सहा पट करंट खाते. आणि इंपेलरमध्ये गाळ अडकून मोटार जाम झाली तर तेवढाच करंट खात राहते, मग काही मिनिटांत वार्निशचा वास.

पॉवरही इथे नुसत्या गुणाकाराने येत नाही. २३० × ६.५ = १४९५, पण हे वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला खरं काम करणारा हिस्सा किती त्या आकड्याने, गुणायचं. तुमच्या मोटारीचा पाऊण धरला तर ११२१ वॉट. त्यातले ७४६, म्हणजे एक एचपी, शाफ्टवर मिळतात. प्लेटवरचा एचपी हा बाहेर मिळणारा असतो, आत जाणारा नव्हे. वीजबिलाचा हिशोब करताना अर्धे लोक इथे चुकतात. थ्री फेजला या गुणाकारात आणखी १.७३२ येतो. पाच एचपीचा सबमर्सिबल ४०० व्होल्टला ९ अँपिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर १.७३२ × ४०० × ९ × ०.८, म्हणजे जवळपास ५ किलोवॉट.

मग ३.२ ओहम मोजून फायदा काय? आमच्या लेखी फार मोठा. कॉइल स्वतः किती तापणार, हे त्याच आकड्यावरून निघतं. करंटचा वर्ग गुणिले रोध: ६.५ × ६.५ × ३.२ = १३५ वॉट. एवढी उष्णता तांब्यातच होते, ती पाण्याने किंवा हवेने नेली पाहिजे. हे सूत्र जूलचं, १८४० च्या सुमाराचं, आणि माझं रिवाइंडिंगचं दुकान या सूत्रावर चालतं म्हटलं तरी चालेल. कारण व्होल्टेज पडलं की मोटार गिझरच्या उलट वागते. गिझर कमी करंट घेतो आणि गप्प बसतो. मोटारीला मात्र तेवढंच पाणी उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज कमी झालं की ती करंट वाढवते. साडेसहाचे आठ झाले तर करंट २३ टक्क्यांनीच वाढला, पण उष्णता १३५ वरून २०५ वॉट झाली. त्यात कॉइल तापली की तिचा रोध आणखी वाढतो, ३० अंशांचे ९० झाले तर ३.२ चे ३.९. रात्रीच्या लाईटला डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि सकाळी काळं पडलेलं वाइंडिंग माझ्या दारात. शेतकरी म्हणतो, "करंट कमी होता हो, तरी जळली." त्याच्या बोलीत करंट म्हणजे व्होल्टेज. खरं तर अँपिअर जास्त होते म्हणूनच जळली.

विहीर लांब असेल तर वायरीचंही गणित करा. दुकानात ज्याला "अडीच एमएम" म्हणतात (स्क्वेअर सगळे गिळतात), त्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. ॲल्युमिनियम घेतली तर एवढ्याच रोधाला ४ ची लागते. विहीर २०० मीटरवर असेल तर वायर जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे जवळपास ३ ओहम. चालताना साडेसहा अँपिअरला १९ व्होल्ट वायरीतच जातात, ते एकवेळ सोसेल. पण स्टार्टिंगला पाचपट, ३२ अँपिअर, म्हणजे ९६ व्होल्ट वाटेत. मोटारीला मिळतात १३५ च्या आसपास. ती गूं गूं करते आणि उचलत नाही. लोक कंडेन्सर बदलत बसतात. वायर बदला.

एलईडी बल्ब, टीव्ही, मोबाईलचा चार्जर यांना हे रोधाचं गणित लावूच नका. आतलं सर्किट स्वतःला हवी तेवढी पॉवर ओढून घेतं.

आता तुमच्या गरम पिन टॉपकडे.

तुम्ही २०९ आणि २०१ असे दोन आकडे लिहिलेत आणि कुठला धरायचा विचारलंत. गिझरसाठी २०१. पण दोघांमधले ८ व्होल्ट सगळ्यात कामाचे आहेत. गिझर चालू केल्याबरोबर ८ व्होल्ट गायब झाले, करंट ७.६, म्हणजे डीपीपासून तुमच्या सॉकेटपर्यंतच्या वाटेत मिळून ८ ÷ ७.६ = १.०५ ओहम आहेत. आणि त्या वाटेत ८ × ७.६ = ६१ वॉट जळताहेत. पसरून जळत असतील तर कुणाला कळणारही नाही. एका जागी जळत असतील तर ती जागा हाताला लागते.

घरातल्या बोर्डापासून बाथरूमपर्यंत २० मीटर अडीचची वायर धरली तर जाऊन-येऊन ०.३ ओहम, म्हणजे सव्वादोन व्होल्ट. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि बाहेरची लाईन आणखी काही खातात. ते वेगळं काढायचं तर मेन स्विचवर हाच प्रयोग करा: गिझर बंद असताना किती, चालू असताना किती. समजा तिथे २०९ चे २०६ झाले. मग बाहेरच्या वाटेवर ३ व्होल्ट गेले आणि घरात ५. वायरीचा हक्क सव्वादोनचा. उरलेले पावणेतीन व्होल्ट कुठल्यातरी सैल जोडात किंवा पिनमध्ये आहेत. पावणेतीन गुणिले ७.६, म्हणजे २१ वॉट. तुमचा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. तो प्लास्टिकच्या पिन टॉपमध्ये अर्धा तास चालू ठेवल्यासारखं आहे हे. आणि गिझरला याचा पत्ताही नाही, पावणेतीन व्होल्टनी त्याचं काय बिघडतं? एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) हाही पडणार नाही. करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय.

मेन स्विचला हात लावायचा नसेल तर मीटरची लाल एलईडी बघा. त्यावर युनिटला किती ब्लिंक हे छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, पाणी थंड असताना फक्त गिझर लावा आणि १०० ब्लिंकना किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. ३२०० च्या मीटरला १,१२,५०० भागिले सेकंद म्हणजे वॉट. सॉकेटवर १५२८ वॉट जात असतील आणि वाटेत काहीच जळत नसेल तर ७३.६ सेकंद यायला पाहिजेत. ७२ च्या खाली आले तर मीटर ३५-४० वॉट जास्त मोजतोय, म्हणजे ते मीटर आणि सॉकेट यांच्यामध्ये कुठेतरी उष्णता होताहेत. त्यांचे पैसेही तुम्हीच भरताय. दोन-तीनदा मोजा, व्होल्टेज मध्येच हललं तर आकडा हलतो.

जोड शोधायची आमची पद्धत साधी आहे. गिझर चालू ठेवून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि एकाच वायरच्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे टोकं लावायची, फेज-न्यूट्रलमध्ये नव्हे. स्विचच्या दोन्ही टर्मिनलवर, न्यूट्रल लिंकवर (न्यूट्रल वायरी जिथे जोडतात ती पट्टी). चांगला जोड व्होल्टचा एखादा लहानसा अंश दाखवतो. जिथे एक-दोन व्होल्ट दिसले तिथेच चोर. पण हे चालू लाईटवरचं काम आहे. तुमच्या सरांना किंवा लायसनवाल्या वायरमनला शेजारी उभं केल्याशिवाय बोर्ड उघडू नका.

आणि मल्टिमीटरची लाल वायर कुठल्या भोकात आहे ते प्रत्येक वेळी बघा. आमच्याच दुकानात एका पोराने करंट मोजून झाल्यावर वायर १० अँपिअरच्या भोकातच ठेवली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली. करंटच्या भोकात आतला रोध जवळजवळ नसतोच, म्हणजे त्याने फेज आणि न्यूट्रल सरळ जोडले. लाईनचा रोध अर्धा ओहम धरा आणि स्वतः भागाकार करा, किती अँपिअर येतात. प्रोबचं टोक वितळून त्याचा मणी झाला होता. पोराला काही झालं नाही. तो मणी अजून माझ्या काउंटरवर आहे.

तुमच्या बाबतीत माझा संशय आधी पिन टॉपवरच. गिझर बंद करा, एमसीबी पाडा, पिन टॉप काढून उघडा. पिनांवर काळा-निळा रंग चढलाय का, स्क्रूखालची तार ढिली किंवा करपलेली आहे का ते बघा. तशी असेल तर तेवढी कापून, नवीन तार सोलून, १६ अँपिअरचा चांगला पिन टॉप लावा. सॉकेटच्या आतली पट्टीही पसरली असेल तर सॉकेटही बदला. करपलेल्या सॉकेटमध्ये नवी पिन घातली तर महिन्याभरात तीही तशीच होते. मग परत गिझर लावा, दहा मिनिटं थांबा, पिन टॉपला हात लावा आणि २०९ चे किती होताहेत ते मला कळवा. २०३-२०४ वर थांबले तर बरंचसं काम झालं. २०१ च राहिले तर मेन स्विचची न्यूट्रल लिंक बघायची.